मृत्युपत्र नंतर, आधी डॉकेट नंबर

न्यू जर्सीत नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात आईला फोनवर म्हटलं, "उद्या सरोगेट कोर्टात जायचंय." पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात प्रश्न, "सगळं ठीक आहे ना गं तुमचं?"

तिची समजूत घालता घालता माझीही उजळणी झाली. सरोगसीशी या कोर्टाचा संबंध नाही. इथल्या २१ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, प्रत्येकी एक सरोगेट असतो. लोक त्याला पाच वर्षांसाठी निवडून देतात. मृत्युपत्र त्याच्यापुढे शाबीत होतं, आणि मृत्युपत्र नसेल तर मयताच्या मालमत्तेचा कारभार कोणी पाहायचा हेही त्याच्याच कचेरीत ठरतं. भांडण लागलं की मात्र प्रकरण सुपीरियर कोर्टाकडे जातं. तलाठ्याकडची वारस नोंद वेगळी आणि दिवाणी कोर्टातला दावा वेगळा, तसंच काहीसं.

मी एका छोट्या वकिली कचेरीत पॅरालीगल आहे. मयतांच्या फायली शोधणं, वाचणं आणि त्यातून वारस कोण-कोण हे वकिलांना काढून देणं हे माझं काम. या कामात नव्याने येणारी मुलं सगळ्यात आधी मृत्युपत्र मागतात. मीही तेच करायचे. मृत्युपत्र हा फाइलमधला सगळ्यात देखणा कागद, पण बहुतेक वेळा सगळ्यात कमी बोलणारा. वकिलाच्या साच्यातून निघालेला: सर्व काही पत्नीला, ती नसल्यास मुलांना समान. खरी माणसं भेटतात ती आजूबाजूच्या रुक्ष कागदांत. ते कागद हवे असतील तर नावावरून सूची, सूचीवरून डॉकेट नंबर, म्हणजे कोर्टाने प्रकरणाला दिलेला क्रमांक, आणि त्या नंबरावरून पूर्ण फाइल, असं जावं लागतं. खिडकीवर "विल द्या" म्हणालात तर विलच मिळेल. "या नंबराखाली जे जे दाखल झालंय ते सगळं पाहायचंय" असं म्हणा.

पण नंबराच्याही आधी काउंटी नक्की करायची असते. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात.

माणूस कुठे वारला याला महत्त्व नाही. मरतेवेळी त्याची कायमची राहती जागा कुठली होती, ते बघायचं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारे गृहस्थ मॅनहॅटनच्या हॉस्पिटलात गेले, तरी फाइल मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे न्यू ब्रन्सविकला. दफन कुठे झालं याचाही उपयोग नाही. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर आनंदीबाई जोशींना घरी ठेवून घेणारं कार्पेंटर कुटुंब. आनंदीबाईंच्या अस्थी ज्या कौटुंबिक दफनभूमीत विसावल्या ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीत आहे, आणि आनंदीबाई १८८३ मध्ये ज्या घरी उतरल्या ते न्यू जर्सीतल्या रोझेलला. त्या घरातल्या कोणाचे कागद शोधायला निघालात आणि थडगं पाहून पोकिप्सीचं तिकीट काढलंत, तर चुकलात. आधी राहतं घर कुठे होतं ते बघायचं, मग गाडीत बसायचं.

त्यात काउंट्याही जागच्या जागी राहत नाहीत. रोझेल आज युनियन काउंटीत आहे, पण युनियन काउंटी जन्मली १८५७ मध्ये, एसेक्स काउंटीतून फुटून. मला एकदा १८४९ मध्ये वारलेल्या एलिझाबेथच्या एका शेतकऱ्याचे कागद हवे होते. एलिझाबेथ हे युनियन काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणून मी थेट तिथेच गेले आणि सूच्यांची बाडं तीन तास उलटीसुलटी करत बसले. शेवटी खिडकीवरच्या बाईंनी काही न बोलता भिंतीवरच्या जुन्या नकाशाकडे बोट दाखवलं. माझा शेतकरी मेला तेव्हा ही काउंटीच नव्हती. त्या दिवसापासून प्रत्येक शोधाच्या पहिल्या पानावर मी दोनच गोष्टी लिहिते: गाव, आणि त्या साली ते गाव कुठल्या काउंटीत होतं.

राज्य बदललं की कोर्टाचं नावही बदलतं. न्यूयॉर्कमध्ये सरोगेट्स कोर्ट, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट, टेक्ससमध्ये कागद काउंटी क्लार्ककडे. लुइझियानात तर काउंटीच नाही, तिथे पॅरिश, आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र शाबीत करणं, याऐवजी शब्द सक्सेशन. त्यामुळे "अमुक काउंटी प्रोबेट कोर्ट" असं शोधून काही सापडलं नाही, तर कागद नाहीत असं समजू नका. तुम्ही चुकीच्या नावाने हाक मारली असेल. शिवाय एडिसनच्या माणसाचं फ्लोरिडात घर असेल तर तिथे दुसरी, पूरक फाइल उघडते. ती विसरू नका.

जुन्या कागदांसाठी न्यू जर्सीत ट्रेंटनला जावं लागतं. १९०० पर्यंतची मूळ मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या स्टेट आर्काइव्हजमध्ये आहेत, सतराव्या शतकापासूनच्या. बरंचसं आता वंशावळीच्या संकेतस्थळांवर घरबसल्याही दिसतं. फॅमिलीसर्चवर फुकट, अँसेस्ट्रीवर पैसे भरून. २०२४ मध्ये फॅमिलीसर्चने हस्ताक्षर वाचणारा शोध आणला आणि सुरुवातीलाच अमेरिकेतल्या जमिनीच्या आणि प्रोबेटच्या नोंदी त्याखाली घेतल्या. पूर्वी सूचीत फक्त मयताचं नाव असायचं. आता साक्षीदार, शेजारी, उधारी असलेला लोहार, कोणाच्याही नावाने पान सापडतं. यंत्र वाचताना चुका करतं, त्यामुळे सापडलेलं पान स्वतः वाचल्याशिवाय एक ओळही कुठे उतरवू नका.

आता फाइल उघडू. माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे पहिला अर्ज. त्यात पती किंवा पत्नी आणि इतर वारस यांची नावं-पत्ते द्यावेच लागतात, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारस असतील तर त्यांची वयंही. मृत्युपत्रात ज्या मुलाचा उल्लेखही नाही तो इथे पत्त्यासकट हजर असतो. त्यानंतर कधीकधी हक्क सोडल्याचा कागद येतो, म्हणजे कारभार पाहायचा मान ज्याचा होता त्याने "मला नको, धाकट्याला द्या" असं लिहून दिलेलं. मृत्युपत्र नसलं तर बहुधा जामीनपत्र. मग लेटर्स, म्हणजे कारभार करायचा अधिकार. मृत्युपत्र असेल तर लेटर्स टेस्टामेंटरी, नसेल तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. बँकेत दाखवायला याचा छोटा दाखला मिळतो, त्याला सगळे शॉर्ट सर्टिफिकेट म्हणतात. एकाला पाच डॉलर. बँकांना ताज्या तारखेचा लागतो, म्हणून एकदम ढीगभर घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

तारखा बोट ठेवून वाचा. न्यू जर्सीत मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय मृत्युपत्र शाबीत होत नाही. अकराव्या दिवशी सकाळीच अर्ज पडला असेल तर कोणाला तरी घाई होती. बहुधा घराचा सौदा अडलेला असतो, नाहीतर भावंडांत कुरबुर. उलट तीन वर्षांनी पडला असेल तर कोणी मागे लागलंच नाही, आणि मग अचानक एखादा विसरलेला प्लॉट सापडला. शाबीत झाल्यापासून ६० दिवसांत सगळ्या लाभार्थींना आणि जवळच्या वारसांना लेखी कळवावं लागतं आणि कळवल्याचा पुरावा फाइलला लावावा लागतो. तो पत्त्यांचा कागद हातातून सोडू नका. मयताकडे ज्यांचे पैसे येणं असतात त्यांना मागणी मांडायला नऊ महिने असतात, त्यामुळे पहिल्या वर्षात फाइल पातळ दिसली तर घाबरू नका.

फाइलमध्ये जे नाही त्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. किती पैसा होता, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात, आणि हल्लीच्या न्यू जर्सीच्या फाइलमध्ये बहुधा त्याचं उत्तर नसतं. मालमत्तेची यादी आपोआप दाखल करावी लागत नाही. वारसा कराचं विवरणपत्र राज्याच्या कर खात्याकडे जातं आणि गुप्त राहतं. नवरा-बायकोचं एकत्र नावावर असलेलं घर, वारस नेमलेला विमा, निवृत्तीचं खातं, ट्रस्टमध्ये टाकलेली मालमत्ता, यातलं काहीच सरोगेटच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. मृत्युपत्र नसेल आणि मालमत्ता थोडी असेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागतं: पती किंवा पत्नी मागे असेल तर ५०,००० डॉलरपर्यंत, इतर वारसांसाठी २०,००० पर्यंत. दोन बंगले असलेल्या माणसाची फाइल कधीकधी तीन पानी निघते, किंवा मुळात नसतेच.

जुन्या फाइलींचं नेमकं उलट. तिथे यादी हाच जीव असतो. पितळी किटली, दोन बैल, नांगर, गादी, सगळं किमतीसकट. ट्रेंटनच्या एका मायक्रोफिल्मवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची अशी एक यादी वाचत होते. गायीची किंमत, मग एका मुलीचं नाव, तिचं वय आणि किंमत, मग नांगराची किंमत. न्यू जर्सीने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा १८०४ मध्ये केला, पण तो त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांपुरता, आणि तोही त्यांना ऐन तारुण्यापर्यंत मालकाकडे बांधून ठेवणारा. मी कचेरीतली माणूस, मला इतिहास शाळेपुरता माहीत. तरी त्या दिवशी पुढची ओळ वाचायला वेळ लागला. अनेक काळ्या कुटुंबांना पूर्वजांचं नाव सापडतं ते अशाच कोणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत, म्हणून या याद्यांना हात लावणाऱ्याने वरवर चाळून पुढे जाऊ नये.

जुन्या शब्दांचे अर्थही फसवतात. इन्फंट म्हणजे तान्हं बाळ नव्हे, अज्ञान; वीस वर्षांचा मिशीवालाही इन्फंट. ऑर्फन म्हणजे बाप गेलेलं मूल, आई जिवंत असली तरी. रेलिक्ट म्हणजे विधवा. नावापुढे सी.टी.ए. दिसलं तर मृत्युपत्र आहे पण त्यात नेमलेला कारभारी नाही किंवा त्याने नकार दिला. डी.बी.एन. म्हणजे आधीचा कारभारी काम अर्धवट ठेवून गेला.

आपल्या माणसांच्या फायलींचा वेगळाच त्रास. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या तीन डब्यांची गाडी सूचीत कुठल्याही डब्यापासून सुटते. कुलकर्णी हे मधलं नाव होतं आणि वडिलांचं नाव आडनाव. बाईचं घर माहेरच्या नावावर, मृत्युपत्र सासरच्या नावाने. अर्जात "ऊर्फ" म्हणून दिलेली सगळी नावं टिपून घ्या आणि प्रत्येकाने पुन्हा शोधा. आणि नक्कल पुण्या-मुंबईत दाखवायची असेल तर आधीच सांगा. साधी झेरॉक्स चालत नाही, सही-शिक्क्याची नक्कल लागते आणि त्यावर राज्याचं अ‍ॅपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरावा यासाठीचा दाखला.

गेल्या वर्षी पुण्याहून एका आजींचा फोन आला होता. इथे असलेला थोरला भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. "त्याने मला काही ठेवलं नाही का गं, की पोरांनी दडवलं?" आडनावाने काही सापडेना. शेवटी भावाच्या वडिलांच्या नावाखाली डॉकेट नंबर मिळाला. मृत्युपत्रात बहिणीसाठी रक्कम होती. मागे कळवल्याचा पुरावाही होता, यादीत दुसऱ्याच ओळीवर आजींचं नाव आणि सदाशिव पेठेतल्या वाड्याचा पत्ता.

"अगं, तो वाडा पाडून बारा वर्षं झाली," आजी म्हणाल्या. मग भाच्याच्या वकिलांना कळवण्यासाठी नवा पत्ता सांगायला लागल्या. इमारत, विंग, फ्लॅट नंबर. "आणि मारुतीच्या देवळासमोर, हे पण लिही." लिहिलं.