दिंडोरीची वाइन द्राक्षे: काढणीआधीचे पाच आठवडे

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचं नाव आज शिराझ या लाल वाइनच्या बाटलीवर छापलं जातं. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि आपल्या तालुक्यात टेबल (खाण्याच्या) द्राक्षाच्या बांधाला लागून वाइनच्या बागा वाढल्या. हाताची सवय मात्र अजून टेबल द्राक्षाचीच आहे. फुगवण, चकाकी, वजन यांमागे धावणं वाइनच्या बागेत नडतं. रंग आणि स्वाद सालीत असतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त मिळते. म्हणून मणी फुगवणाऱ्या जीएची (जिबरेलिक आम्लाची) फवारणी इथे नकोच.

गंधकाबद्दल कळकळीनं सांगतो. एका वर्षी माझ्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली आणि काढणीला बारा दिवस असताना मी गंधक धुरळलं. टाकीत रस आंबू लागला तसा सडक्या अंड्यांचा वास सुटला. सालीवर उरलेल्या गंधकापासून यीस्ट तो वायू तयार करतं. तेव्हापासून काढणीआधी पाच आठवडे मी गंधकाला हात लावत नाही. भुरी आवरायची ती त्याआधीच: घडांभोवतीची पानं विरळ करा, हवा खेळू द्या. दुपारच्या उन्हाच्या बाजूची पानं मात्र राखा, नाहीतर मणी भाजतात.

मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागली, की ड्रिप हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते. मुरमाड रानात सकाळीही पानं मलूल दिसली तर थोडं पाणी द्यावंच लागतं. वजनासाठी शेवटी पाणी सोडलं तर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, उतरते, मणी तडकतात आणि कूज शिरते.

नमुना घेताना बहुतेकांची चूक होते. हाताशी आलेला, उन्हातला घड गोडच लागणार. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून असे शंभर मणी घ्या, एकत्र चुरडा आणि मग रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायच्या उपकरणावर) थेंब टाका. स्पार्कलिंग (बुडबुड्यांच्या) वाइनसाठी साधारण 17 ते 19 ब्रिक्स, पांढऱ्या वाइनसाठी 20 ते 22, लालसाठी 23 ते 24. आकड्यावर थांबू नका, बी चावून बघा. हिरवी, तुरट बी म्हणजे अजून थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली की लाल जात तयार. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढलं की साखर वाढते आणि आंबटपणा झपाट्यानं घटतो, तेव्हा दिवसाआड मोजा.

तोडणी पहाटे हेडलाइट लावून सुरू करा, नऊपर्यंत आटोपा. भुरीचे, सुकलेले घड झाडाखालीच वेगळे काढा. क्रेट काठोकाठ भरू नका. खालचे मणी फुटून रस वाटेतच आंबायला लागतो. आणि गाडी भरण्याआधी वायनरीला फोन करून क्रशरवर (द्राक्षं चिरडायच्या यंत्रावर) आपला नंबर कधी लागतो ते विचारा. माल दुपारी गेटबाहेर उन्हात उभा राहिला, तर पहाटेचा गारवा वाया जातो.