स्टोनी कोरल वाढवायचेत? मग आधी केएच सांभाळा

स्टोनी कोरल (कडक सांगाड्याची प्रवाळं) आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात आणि त्याचा सगळा माल टँकच्या (घरच्या खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमच्या) पाण्यातूनच उचलतात, त्यामुळे भारी लाइटवर पैसे उडवायच्या आधी चांगलं टेस्ट किट घ्या. पाणी आरओ-डीआयचंच (फिल्टरने क्षार काढलेलं), मीठ मिसळायच्या आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) ०. सॅलिनिटी (खारेपणा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत) १.०२५-१.०२६, तापमान २५-२६ डिग्री, केएच (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा) ८-९, कॅल्शियम ४००-४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५०-१३५० पीपीएम. टँक नवा असेल तर काही महिने थांबा, ॲक्रोपोरा (फांद्यांसारखं वाढणारं नाजूक स्टोनी कोरल) तर सगळ्यात शेवटी.

आता मेन गोष्ट. केएच ८ की ९ यावर लोक उगाच भांडतात, तो रोज तेवढाच राहतो का हे जास्त महत्त्वाचं. डोसिंग (केएच-कॅल्शियम वरून घालणं) बंद ठेवून तीन-चार दिवस रोज एकाच वेळी केएच मोजा, समजा आज ८.६ आणि उद्या ८.२ आला तर दिवसाचा खर्च ०.४, मग रोज बरोब्बर तेवढंच परत घालायचं. सोडा ॲश (केएचसाठी) आणि कॅल्शियम क्लोराइड असं टू-पार्ट वापरत असाल तर दोन्ही एकाच वेळी एकाच जागी ओतू नका, पाणी लगेच दुधाळ होतं आणि सगळं साका होऊन खाली बसतं. साधारण २.८ केएच खर्च झाला की २० पीपीएम कॅल्शियम जातं, हिशोब त्यावरून लागतो. कितीही घाला, केएच-कॅल्शियम टिकतच नाही असं झालं तर मॅग्नेशियम चेक करा, बहुतेक तेच कमी असतं. आणि केएच पडलाच तर एका दिवसात १ पेक्षा जास्त चढवू नका.

नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायचा हट्ट तर अजिबात नको. नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०५ पुरे. दोन्ही शून्य आणि वर केएच ११ असेल तर ॲक्रोच्या टोकांची कातडी जळते, शिवाय डायनो (शेवाळासारखे चिकट तपकिरी डायनोफ्लॅजेलेट) येतात ते वेगळंच.

लाइट ॲक्रोपोराला २५०-३५० पार (कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप), युफिलियाला (लांब मांसल टेंटॅकलचं स्टोनी कोरल) १०० च्या आसपास भागतं. नवीन फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) आधी खाली ठेवा, काही आठवड्यांत हळूहळू वर न्या. फ्लो (पाण्याचा प्रवाह) ॲक्रोला जोरदार आणि दिशा बदलणारा, युफिलियाला मात्र हलका, आणि तिचे स्वीपर (डंख मारणारे लांब टेंटॅकल) रात्री लांब पसरतात म्हणून शेजाऱ्यापासून वीतभर जागा सोडा.

डिप (नवं कोरल कीड काढायच्या औषधी पाण्यात बुडवणं) करायचा कंटाळा करू नका. डिपने फ्लॅटवर्म गळून पडतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून जुना प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) काढून टाका, फ्रॅग सुपरग्लू जेलने नव्या प्लगवर चिकटवा आणि पुढचे काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून दर आठवड्याला परत डिप द्या.