आधी तुराट्या, मग टीव्ही: गावाला सोबत घेऊन वर्ग कसा बदलावा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावात, द्विशिक्षकी शाळेवर मी शिकवते. नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात, "बाई, सुरुवात कुठून करू? टीव्हीसाठी लोकवर्गणी काढू का?" मी सांगते, टीव्ही नंतर. आधी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, गोळा करा.

वितीपेक्षा लहान तुकडे करा. दहा-दहा काड्यांना रबर लावा. गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. दुसरीची मुलं जमिनीवर गोलात बसवा, समोर तीन गठ्ठे आणि चार काड्या ठेवा आणि त्यातून आठ काड्या मागा. इथे अजिबात घाई करू नका. मुलं चार काड्या देतात आणि अडतात. "संपल्या की!" असं कुणीतरी म्हणतं. तुम्ही गप्प राहा. थोड्या वेळानं एखादी मुलगी गठ्ठ्याचं रबर काढते, आणखी चार काड्या देते, उरलेल्या मोजते: दोन गठ्ठे, सहा काड्या. दशक सुटा करणं काय असतं, हे तिला आता वेगळं समजवावं लागत नाही. उभी मांडणी फळ्यावर त्यानंतरच घ्या.

मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीसाठी गाजलेल्या, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. अनेकांनी परत येऊन फरशीवर तक्ते रंगवले, भिंतींना तळफळे, म्हणजे मुलांचा हात पोचेल असे खालचे फळे, केले. रंगवा जरूर, पण मुलं त्यावर रोज बसून काही करणार असतील तरच.

वाचनासाठी प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा आणि तपासा: अक्षर येतं, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून या स्तरांप्रमाणे गट करा. चौथीचा मुलगा शब्दांच्या गटात आला तर त्याला कमीपणा वाटू देऊ नका. त्याच तासात लहानांना काड्या मोजून द्यायचं काम त्याच्याकडे सोपवा.

मग पालक विचारायला येणारच, "पोरं नुसती खेळतात, शिकवता कधी?" प्रश्न रास्त आहे. भाषणानं त्याचं उत्तर होत नाही. आयांना वर्गात बोलवा, गोलात बसवा, वजाबाकी त्यांच्याच मुलांकडून करून दाखवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. पण बैठक सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवरची बाई येणार कशी? संध्याकाळी, दिवेलागणीनंतर ठेवा. सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरवू नका.

लोकसहभाग म्हणजे वर्गणी, असं आपण धरून चालतो, ते मला पटत नाही. लोकांनी आपल्याला येतं ते शाळेत येऊन शिकवावं. आजीकडून जात्यावरच्या ओव्या घ्या, पट्ट्यांवर लिहा, त्याच वाचायला द्या. ऊसतोडीच्या फडावर जाऊन आलेल्या बापाला मोळ्या, टन, उचल (मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम) आणि फेड यांचा हिशोब मोठ्या मुलांपुढे मांडायला सांगा. गुणाकार किती कामाचा असतो, हे त्या दिवशी मुलांना नीट कळतं. त्यातून उचल का फिटत नाही, हाही प्रश्न मुलं विचारतात. तो टाळू नका.

दिवाळीनंतर गाव रिकामं होतं, म्हणून सगळी जुळवाजुळव त्याआधी करा. कोणती मुलं आजी-आजोबांकडे राहतील, कोणाला हंगामी वसतिगृहात घ्यायचं, कोण सोबत जाणार, ही यादी समितीच्या बैठकीत घरागणिक ठरवा. जाणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड भरताना वाचनाचा स्तर आणि गणितात कुठवर आलाय, तेही कागदावर सोबत द्या, म्हणजे तिकडच्या शिक्षकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मागे राहिलेल्यांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून फडावर आईबापांना पाठवा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड कसा उघडायचा, तेही जाण्याआधी दाखवून ठेवा.

टीव्हीचा विषय तुम्हाला काढावाच लागणार नाही. वर्गात काय चालतं हे ज्यांनी पाहिलंय, ते लोक स्वतःच विचारतात की शाळेला काय कमी आहे. तेव्हा आधी वीजजोडणी आणि बिल कोण भरणार ते ठरवून घ्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला मुलं परतली की पहिल्याच आठवड्यात पुन्हा स्तर तपासा आणि गट नव्याने बसवा.