कृष्णेत गळ कधी आणि कसा टाकावा

पावसाळा सरून कृष्णेचं पाणी निवळलं, बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले, की सांगली-भिलवडीच्या टापूत गळाचे दिवस आले. जून ते ऑगस्ट मात्र गळ टाकूच नका. रोहू, कटला, मृगळ हे मासे याच काळात अंडी सोडतात. गाभोळीची एक मादी काढली तरी पुढच्या हजारो पिलांचा घात होतो. पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला तर खाली मरळ राखण करत असते, तिलाही सोडा.

रोहूसाठी ०.३० ते ०.३५ मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि ६ किंवा ८ नंबरचा गळ पुरतो. गाठ मारताना तंगुसाचे पाच पीळ घ्या आणि थुंकीने ओली करूनच आवळा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस भाजतो आणि मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो.

आमिषाला १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड रात्री भिजवा, सकाळी निथळून पाव किलो कणकेत मळा. कापसाचे थोडे तंतू मिसळले तर गोळा गळावर टिकतो. आकार हरभऱ्याएवढा. सैल झाला तर फेकतानाच सुटतो, नाहीतर चिलापी (तिलापिया मासा) कुरतडून नेते. फार घट्ट झाला तर झटका दिल्यावर गळाचं टोक बाहेर येत नाही आणि मासा निसटतो. मासे जमवायला चारा म्हणून पेंडीचे लिंबाएवढे चार-पाच गोळे एकाच जागी टाका. जास्त टाकले तर मासे त्यावरच पोट भरतात.

बहुतेकांची चूक खोलीत होते. आधी नुसतं शिसं सोडून पाणी मोजा. आठ फूट पाणी असेल तर कटल्यासाठी तरंगत्यापासून गळ दोन-तीन फुटांवर, रोहूसाठी चार-पाच फुटांवर आणि मृगळासाठी थेट तळाला. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून हा फरक.

थंडीत मासा सुस्त असतो, चावा हलका येतो. उन्हं चढल्यावर, अकरा ते चार या वेळात बसा. उन्हाळ्यात उलट: पहाट आणि संध्याकाळ, तीही डोहाच्या काठाला. पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे, तेव्हा आमिषाला ते तोंड लावणार नाहीत. काठाला मेलेले मासे लागले असतील तर त्या पाण्यातलं काहीही खाऊ नका.

भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसू नका, अडकलेला गळ सोडवायला उतरू नका, तंगूस तोडा. मासे काठावर साफ करून आतडी तिथेच टाकणं म्हणजे मगरीला बोलावणं. बंधाऱ्याच्या अगदी खाली उभं राहू नका, बरगे काढले की पाणी झपाट्याने वाढतं. तलावात बसायचं असेल तर ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा.

रात्री गांडूळ लावून तळाला टाकलेल्या गळाला शिंगाळा मासा लागतो. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे हातात घुसले तर ठणका तासन्‌तास राहतो. ओल्या फडक्याने काट्यांच्या मागून घट्ट धरा आणि गळ पक्कडीनेच काढा.