डबल मार्करचं रक्त द्यायला येताना

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी रक्त घेते. रक्त काढायला दोन मिनिटं पुरतात, वेळ जातो तो आधीचा फॉर्म भरण्यात. डबल मार्कर म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याचा धोका किती, ते गरोदरपणात आईच्या रक्तावरून काढणारी तपासणी. तिच्यात निम्मं काम त्या फॉर्मचंच असतं. साखर तपासली की मशीन आकडा देतं आणि विषय संपतो. इथे मशीन दोन आकडे देतं, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. दोन्ही वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, म्हणजे २१वं गुणसूत्र दोनऐवजी तीनदा आलं असेल, तर सहसा पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त दिसतं. पण कमी-जास्त कशाच्या मानाने, ते सॉफ्टवेअर ठरवतं, आणि तेही तुम्ही दिलेल्या माहितीवर.

तपासणी ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते. आधी एनटीची, म्हणजे बाळाच्या मानेमागचं मोजमाप घेणारी सोनोग्राफी करा, मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त द्या. सोनोग्राफीचा कागद घरी विसरू नका. उपाशी यायची गरज नाही. मळमळीचे दिवस असतात, खाऊनच या.

त्या कागदावर मी दोन आकडे शोधते. पहिला सीआरएल, म्हणजे बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. ती ४५ ते ८४ मिलिमीटरच्या मधे हवी. दुसरा एनटी, मानेमागे कातडीखाली दिसणाऱ्या पाण्याची जाडी. दिवस पाळीच्या तारखेवरून न मोजता सीआरएलवरून का मोजायचे? या आठवड्यांत पॅप-ए रोज वाढत असतं आणि बीटा एचसीजी उतरत असतं. समजा पाळी अनियमित आहे, फॉर्मवर १३ आठवडे लिहिले आणि बाळ खरं तर १२चं आहे. मग तेराव्याच्या मानाने पॅप-ए कमी दिसणार आणि बीटा एचसीजी जास्त. म्हणजे हुबेहूब डाऊन सिंड्रोमचं चित्र, आणि बाळ ठणठणीत!

मग जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्या बायका अजून येतात. आधारवरही तीच तारीख. मी विचारते, खरी कोणती? विशीत वर्षभराच्या फरकाने फारसं बिघडत नाही, पस्तिशीनंतर बिघडतं. बाळ डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मण्याचा धोका आईच्या विशीत साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक असा चढत जातो. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी असेल तर स्त्रीबीज कोणाचं आणि ते घेतलं तेव्हा तिचं वय काय, तेही लागतं. हा प्रश्न सासूबाईंसमोर विचारायचा नसतो, म्हणून मी त्यांना बाहेर बसवते. तुम्हीही सरळ सांगा, “जरा एकटीशी बोलायचंय.”

वजन आजचंच हवं, काट्यावर उभं राहून केलेलं. शरीर मोठं तर रक्त जास्त, आणि त्यात हे घटक पातळ होतात. सॉफ्टवेअर ते जमेस धरतं, पण खरं वजन मिळालं तरच. जुळं, मधुमेह, सिगारेट, आधीच्या बाळाला असलेला त्रास, हे रकानेही खरे भरा.

रिपोर्ट आला की लोक आधी लाल अक्षरं बघतात. तसं करू नका. त्यात साधारण तीन ओळी असतात: नुसत्या वयावरचा धोका, रक्तावरचा धोका आणि एनटी धरून एकत्रित धोका. बघायची ती एकत्रित ओळ. एनटीची जागा रिकामी असेल तर लॅबला विचारा, कारण एनटीसह ही तपासणी डाऊन सिंड्रोमची शंभरातली ८५ ते ९० बाळं हेरते, नुसत्या रक्तावर बरीच कमी.

बऱ्याच लॅबची ‘हाय रिस्क’ची रेघ १:२५० ला, म्हणजे अडीचशेत एकला असते. समजा तुमचा आकडा १:१९० आला. वर ‘हाय रिस्क’ छापलेलं असणार आणि संध्याकाळपर्यंत घरभर “पॉझिटिव्ह आलं म्हणे” झालेलं असणार. पण अर्थ एवढाच की असे आकडे आलेल्या १९० जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १८९ जणींच्या बाळांना नसेल. १:१५०० म्हणजेही शून्य नव्हे. आणि १:१९० व १:१२ दोघांवर शिक्का एकच असला तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून डॉक्टरांशी बोलताना आकडा सांगा, शिक्का नको.

पुढे दोन वाटा. एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तात फिरणारे वारेच्या डीएनएचे तुकडे तपासणं. डाऊन सिंड्रोमची शंभरातली ९९च्या आसपास बाळं ती हेरते. महाग आहे, आणि तीही चाळणीच, निदान नव्हे. खात्री करायची तर वारेचा तुकडा किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल सुईने काढून तपासावं लागतं. सुईमुळे गर्भपाताचा धोका थोडा असतो, जाणत्या हातात साधारण दोनशेत एक किंवा त्याहून कमी. एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर डॉक्टर बहुधा थेट सुईचीच तपासणी सुचवतात आणि बाळाच्या हृदयाची सोनोग्राफीही करायला सांगतात. काही जणी हाय रिस्क येऊनही पुढची तपासणी करत नाहीत. तो त्यांचा निर्णय, नातेवाइकांनी त्यात नाक खुपसू नये.

“मुलगा की मुलगी, यात कळतं का हो?” हा प्रश्न रोजचा, आणि विचारणारी बहुधा सोबत आलेली असते. डबल मार्करमध्ये कळतच नाही. एनआयपीटीत कळू शकतं, पण १९९४च्या कायद्याने सांगायला बंदी आहे.

आणखी एक. एकत्रित धोका कमी आला की बायका रिपोर्ट पर्समध्ये टाकतात आणि मोकळ्या होतात. त्याआधी पॅप-एसमोरचा एमओएम, म्हणजे त्या दिवसांत नेहमी असतं त्याच्या किती पट, हा आकडा बघा. १ म्हणजे नेहमीसारखं. तो ०.४ च्या खाली असेल तर वार पुढे कमी पडण्याची, बाळाची वाढ मंदावण्याची किंवा आईचं बीपी चढण्याची शक्यता जरा जास्त असते. बीपीसाठी काही जणींना कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात, पण ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हावी लागते. गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, आणि पुढच्या महिन्याच्या तारखेची वाटही बघायची नाही. त्याच आठवड्यात रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.