अवसेला गच्चीवरून देवयानी दीर्घिका कशी शोधावी

महिन्यातून एक तास, सोसायटीची गच्ची आणि १०×५०ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण एवढ्या भांडवलावर २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका (गॅलेक्सी) स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. नोकरदार माणसाला विश्वाचं नवल वर्षातून एकदा, तेही सहलीला गेल्यावरच वाटावं, असं काही नाही.

कार्तिकातली किंवा मार्गशीर्षातली अवस निवडा. आगेमागे तीन-चार दिवस झाले तरी चालतं. आश्विनातली, म्हणजे लक्ष्मीपूजनाची, टाळा. फटाक्यांच्या धुरात अंधुक गोष्टी सगळ्यात आधी बुडतात. कार्तिकात रात्री ८ ते १० ही वेळ उत्तम, मार्गशीर्षात ९च्या आत आटपा.

टाकीवरचा हॅलोजन बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा. मग निदान २० मिनिटं मोबाइल खिशात. एकदा स्क्रीन उजळली की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात आणि पहिल्यापासून थांबावं लागतं. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळा.

दुर्बीण एखाद्या ठळक ताऱ्यावर धरा. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा, तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला पाहिजे. मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवा. ही पायरी गाळली की प्रत्येक तारा धुरकट दिसतो आणि दीर्घिका सापडल्याचा भास होतो.

चटईवर उत्तरेकडे पाय करून उताणे पडा, कोपरं छातीला टेकवा. उभ्याने हात थरथरतात आणि अंधुक डाग त्या थरथरीतच हरवतो. माथ्याजवळ पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल. त्यातला उत्तरा भाद्रपदेचा उत्तरेकडचा तारा धरा. तिथून ईशान्येला, लांब केलेल्या हाताच्या साधारण दीड मुठीवर, मिराक हा तांबूस तारा आहे. वाटेत एक फिका तारा लागतो. मिराक दुर्बिणीत आणा आणि शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने सरका. (कथेतल्या देवयानी आणि शर्मिष्ठा आकाशातही शेजारीच आहेत.) चार अंशांवर म्यू नावाचा तारा, त्याहून थोडं कमी पुढे न्यू नावाचा. न्यूच्या शेजारी, एका अंशाहून जरा जास्त अंतरावर, आरशावर श्वास सोडल्यावर उमटतो तसा लांबट राखाडी डाग दिसेल. तीच दीर्घिका.

रंगीत सर्पिल भुजा शोधू नका. फोटोत ती सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी लांब येते, कारण कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवतो. शहरातून दिसतो तो फक्त तिचा गाभा. डाग विरल्यासारखा वाटला तर नजर किंचित बाजूला वळवा. डोळ्याचा कडेचा भाग अंधुक प्रकाश जास्त चांगला टिपतो.

आता घाई करू नका, पाच मिनिटं तिथेच थांबा. १९२३मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून याच डागात एक रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा ओळखला. त्यावरून अंतर काढलं तेव्हा कळलं, की हा आपल्या आकाशगंगेतला वायूचा ढग नाही, ही वेगळी दीर्घिका आहे. तुमच्या डोळ्यात आत्ता शिरलेला प्रकाश तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपली मानव प्रजाती अजून जन्मायची होती.

घरातल्या कुणाला दुर्बीण दिलीत, तर चाक आणि कडी त्यांच्या डोळ्यांप्रमाणे पुन्हा लावून द्या. नाहीतर त्यांना काहीच दिसत नाही आणि तुमचं मन राखायला ते "हो, दिसलं" म्हणतात.