कागद हातात न घेता भाषण करायचंय? मग पाठांतर असं करा

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला घरोघरी एकच सीन असतो, पोरगं वही घेऊन ओट्यावर फेऱ्या मारतंय आणि अख्खं भाषण पहिल्या शब्दापासून घडाघडा म्हणतंय, मधेच एक शब्द निसटला की पुढचं सगळं बंद, मग परत "आदरणीय व्यासपीठ" पासून सुरू. मुलाची मेमरी कमी असते असं नाहीये. शब्दाला शब्द जोडून पाठ केलं की प्रत्येक शब्द मागच्या शब्दाच्या भरवशावर येतो, त्यामुळे एक गेला की सगळेच जातात.

म्हणून शब्द पाठ करू नका, क्रम पाठ करा. शब्दशः फक्त तीन गोष्टी: पहिली दोन वाक्यं, शेवटची दोन वाक्यं, आणि तारखा, नावं, घोषणा. बाकी सगळं त्या क्षणी बोलायचं असतं, आणि ते येतं, खरंच येतं.

आता क्रम लक्षात कसा ठेवायचा? याची पद्धत फार जुनी आहे, रोमचा वक्ता सिसेरो यानं इसवी सनापूर्वी 55 च्या सुमारास लिहून ठेवलीय. ओळखीच्या जागा क्रमानं मनात आणायच्या आणि एकेका जागेवर एकेक मुद्दा चित्र करून ठेवून द्यायचा. बोलताना मनातल्या मनात त्या रस्त्यानं चालत जायचं. आपल्याला तर गावाचा रस्ता झोपेतही पाठ असतो ना, मग तोच घ्या.

समजा विषय आहे नंदुरबारचे हुतात्मा शिरीषकुमार मेहता, आणि तुमचा रस्ता एसटी स्टॉप, मारुतीचा पार, पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, शाळेचं गेट असा आहे. एसटीतून एक शाळकरी पोरगा उतरतोय, पाठीवर मोठ्ठ्या आकड्यात 1926 लिहिलंय, म्हणजे जन्म झाला. पारावर घरची मंडळी बसून गुजरातीत गप्पा मारतायत, म्हणजे नंदुरबारचं गुजराती व्यापारी घराणं. गिरणीत पट्टा एवढा धडधडतोय की त्याच्यावर ओरडून कोणीतरी "करेंगे या मरेंगे" म्हणतंय, म्हणजे ऑगस्ट 1942, मुंबईचं अधिवेशन आणि गांधीजींची हाक. टाकीवर तिरंगा, खाली पोरापोरींची मिरवणूक आणि "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु", म्हणजे 9 सप्टेंबर 1942. गेटवर बंदुका रोखलेले पोलीस, आणि मुलींच्या पुढे येऊन उभा राहिलेला पंधरा वर्षांचा शिरीष. चित्र जेवढं ठसठशीत आणि विचित्र तेवढं पक्कं बसतं, साधं चित्र पुसलं जातं.

त्याच्यासोबत हुतात्मा झालेली चार पोरं, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम, यांची नावं मात्र अंदाजानं घ्यायची नाहीत. ला-ध-श-घ असं पहिल्या अक्षरांचं जोडून बोटांवर पक्कं करा. हुतात्म्याचं नाव चुकवणं बरं दिसत नाही, बाकी वाक्य इकडचं तिकडं झालं तर कोणाला कळतही नाही.

यापुढची पायरी बहुतेक जण करत नाहीत आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाषण आधी घरच्या बोलीत सांगा. अहिराणी असेल तर अहिराणीत, तावडी असेल तर तावडीत. आजीजवळ जाऊन बसा आणि "आजी, तुले शिरीषकुमारनी गोट सांगस" म्हणून सुरू करा. आजी मधे प्रश्न विचारेल, तुम्ही उत्तर द्याल, आणि गोष्ट तुमची होऊन जाईल. जे घरच्या बोलीत सांगता येतं ते स्टेजवरच्या मराठीत अडत नाही, कारण अडतात ते पुस्तकी शब्द. "प्रज्वलित केली" वर जीभ अडकत असेल तर सरळ "पेटवली" म्हणा ना. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी काम करता करता ओव्या रचल्या आणि आपल्या लेवा बोलीतच रचल्या. खान्देशातल्या माणसानं आपल्या बोलीची लाज तरी का धरावी.

सराव करताना वही पुन्हा पुन्हा वाचत बसू नका, वाचलं की येतंय असं वाटतं पण येत नसतं. वही बंद करून बोला, अडलात तरी लगेच उघडू नका, जरा आठवायचा ताण पडू द्या, त्या ताणानंच पक्कं होतं. एकाच रात्री दहादा म्हणण्यापेक्षा आज रात्री, उद्या सकाळी, मग एक दिवस सोडून, मग आदल्या दिवशी असं पसरून म्हणा, आणि मधल्या मुद्द्यापासूनही सुरू करून बघा, म्हणजे कुठूनही गाडी पकडता येते. उभं राहून, मोठ्यानं, टीव्ही चालू असताना सुद्धा. मोबाईलवर रेकॉर्ड करून वेळ बघा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना पाचशे-सहाशे शब्दांचा ऐवज पुरे, त्यापेक्षा जास्त लिहिलंत की शेवटी पळावं लागतं.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिला घोळ होतो तो मान्यवरांच्या नावांचा. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मुख्याध्यापक, कोण आलंय कोण नाही हे तिथं गेल्यावरच कळतं, म्हणून अध्यक्षांचं एक नाव घ्या, "व्यासपीठावरील सर्व मान्यवर" म्हणा आणि विषयाला लागा. मैदानावर भोंगा लावला असेल तर आवाज घुमून परत येतो, तेव्हा वाक्यं छोटी ठेवा आणि दोन वाक्यांमधे थांबा. माईक तोंडापासून वीतभर लांब.

आणि मधेच सगळं विसरलं तर? सॉरी म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही. थांबा, श्वास घ्या, शेवटचं वाक्य जरा जोर देऊन परत म्हणा, लोकांना वाटतं मुद्दाम म्हटलं. तेवढ्यात मनात विचारा, मी आत्ता कुठं उभा आहे, गिरणीजवळ का टाकीजवळ? काहीच सापडत नसेल तर सरळ पुढच्या जागेवर जा, सुटलेला मुद्दा फक्त तुम्हाला माहीत असतो. आणि तेही नाही जमलं तर पाठ केलेली शेवटची दोन वाक्यं आहेतच, ती ठणठणीत आवाजात म्हणा, "जय हिंद" म्हणा आणि टाळ्या सुरू झाल्यावरच स्टेजवरून खाली या.